मुलांच्या चित्रवर्गासाठी ऑनलाइन लिलाव: वस्तू जमल्या, पुढे काय?

रंगपेटी

नमस्कार मंडळी. मी कुडाळ तालुक्यातली, निवृत्त चित्रकला शिक्षिका. दर रविवारी गावच्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत मुलांचा चित्रवर्ग घेते. फी नाही. वीस-पंचवीस मुलं येतात, लावणीच्या दिवसांत निम्मी. पालकांचा डोळा एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकला परीक्षांमुळे दहावीला मिळणाऱ्या वाढीव गुणांवर, मुलांचा रंगांवर. माझी दोन्हीला हरकत नाही.

यंदा वेगळं काही करायचंय. पिंगुळी आमच्यापासून हाकेच्या अंतरावर. तिथल्या ठाकर समाजाची चित्रकथी (चित्रं दाखवत, गात कथा सांगायची कला), कळसूत्री बाहुल्या, चामड्याच्या बाहुल्यांचा सावलीतला खेळ, यावर मी वर्गात पुष्कळ बोलते. तिथलेच कलाकार परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा कात्रणं काढून भिंतीवर लावली. पण माझ्या वर्गातल्या एकाही मुलाने कळसूत्री बाहुलीची दोरी बोटात धरलेली नाही. तेव्हा तिथल्या दोन कलाकारांना महिन्यातून दोन रविवार बोलवायचं, रीतसर मानधन द्यायचं, आणि वर्षअखेरीस देवळाच्या सभामंडपात मुलांनी खेळ करायचा असा बेत आहे. मानधन, गाडीखर्च, कार्ट्रिज पेपर, पोस्टर कलर आणि बाहुल्यांचं सामान धरून ₹९०,००० लागतील. वर्गणी मागून पाहिली. लोक प्रेमाने चहा पाजतात आणि शंभराची नोट देतात.

मुंबईचा एक जुना विद्यार्थी म्हणाला, "बाई, ऑनलाइन लिलाव करा, चाकरमानी बोली लावतील." म्हणून वस्तू जमवायला लागले. पिंगुळीच्या एका कलाकाराने नवीन काढलेलं रामायणातलं चित्र देऊ केलंय. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा (हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा) पूर्ण १२० पानांचा संच मिळालाय, आणि लाखकाम केलेला एक पाट. कर्ली नदीची माझी दोन जलरंगचित्रं आहेत. एका दशावतारी नटाने तर "नाटकाआधी माझ्याबरोबर रंगपटात बसा, रंग चढताना बघा" अशी एक संध्याकाळच देऊ केली आहे. शिवाय शेजारच्या घरात माळ्यावर चित्रकथीची जुनी पानं सापडलीत, पणजोबांच्या काळातली. ते म्हणतात, विका आणि पैसे वर्गाला घ्या.

आता प्रश्न. हे चालवायचं कशावर? सुरुवातीची बोली कितीची ठेवायची? पैसे माझ्या गूगल पेवर घेतले तर चालतील का? ८०जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत मिळवून देणारी पावती सगळे विचारतात, ती देता येईल? आणि मुलांची चित्रं लिलावात ठेवावीत का? विद्यार्थी म्हणतो ठेवा, "इमोशनल कनेक्ट" येतो. मला ते पटत नाहीये, पण का ते नीट सांगता येत नाही. यजमानांचं म्हणणं, एवढा खटाटोप कशाला, देवळातल्या नारळाची पावणी (जाहीर बोली) करतात तशी सभामंडपातच करून टाक.

खातेवही

ताई, गूगल पेचं आधी. स्वतःच्या खात्यावर अजिबात घेऊ नका. नोंदणीकृत न्यास सोडून इतर कोणी धर्मादाय कामासाठी पैसे गोळा करत असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाचं कलम ४१ सी लागतं. गणपती मंडळं वर्गणीसाठी जी परवानगी काढतात तीच ही. तुमचं वाचनालय न्यास म्हणून नोंदलेलं असणार. त्यांच्या कार्यकारिणीचा ठराव घ्या, त्यांच्याच खात्यावर पैसे घ्या आणि वहीत वेगळं पान उघडा.

८०जी: ज्याने बोली जिंकून चित्र घरी नेलं त्याने खरेदी केली, देणगी दिली नाही. त्याला विक्रीची पावती द्या, ८०जीची नाही. वाचनालयाकडे ८०जी असेल तर शेजारी "वस्तू नको, नुसती मदत करायची आहे" असा वेगळा पर्याय ठेवा, त्यावर देणगीची पावती द्या. दोन हजारांवर रोख देणगी असेल तर तीही सवलतीत बसत नाही. आणि ज्यांनी नवी करप्रणाली घेतलीय त्यांना ८०जीचा उपयोगच नाही. पावतीसाठी अडून बसणाऱ्यांतले निम्मे त्यातलेच निघतील, विचारून बघा.

परदेशातून पैसे: परदेशी नागरिकाकडून देणगी घ्यायला संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. ओसीआय कार्डवाले (परदेशी नागरिकत्व घेतलेले भारतीय वंशाचे लोक) कायद्याने परदेशी नागरिकच, आडनाव सावंत असो की परब. भारतीय पासपोर्टवाला मात्र दुबईत राहो की डब्लिनला, त्याने स्वतःच्या बचतीतून दिलेले पैसे यात मोडत नाहीत. "आम्ही वस्तू विकली, देणगी कुठे घेतली" असा युक्तिवाद करता येतो खरा, पण पाच हजारांचं चित्र पन्नास हजारांना गेलं तर वरचे पंचेचाळीस किंमत की देणगी, हा वाद गावच्या वाचनालयाने अंगावर घेऊ नये. जीएसटीचं वाचनालयाच्या सीएला विचारा.

चिंचेचं_झाड

रंगपेटीताई, २०२० च्या टाळेबंदीत आमच्या बालनाट्य शिबिरासाठी असाच लिलाव आम्ही पुण्यातून केला होता, त्यावरून सांगते.

ॲपच्या नादी लागू नका. बोली गूगल फॉर्मवर घ्या, म्हणजे प्रत्येक बोलीची वेळ आपोआप नोंदली जाते आणि "मी आधी पाठवली होती" हे भांडण मिटतं. नोंद होणाऱ्या शीटमधून फक्त वस्तू, बोलीदाराचा क्रमांक आणि रक्कम असं एक वेगळं पान सगळ्यांना बघायला खुलं करा. नावं दाखवू नका. नावं दिसली की "अरे, साहेब बोली लावतायत" म्हणून बाकीचे मागे सरतात. कोकणातही हे असणारच. व्हॉट्सॲप ग्रुप फक्त दवंडीपुरता ठेवा. तिथे बोली घ्यायला लागलात तर शुभ सकाळच्या फुलांमध्ये तीन हजारांची बोली हरवते.

सगळ्या वस्तू एकाच मिनिटाला बंद करू नका. दहा-दहा मिनिटांच्या अंतराने बंद करा, गंजिफा शेवटी. बंद व्हायच्या शेवटच्या तीन मिनिटांत बोली आली तर मुदत आणखी तीन मिनिटं वाढते, हा नियम आधीच छापा. नाहीतर शहाणे लोक शेवटच्या दहा सेकंदांत येऊन शंभर रुपये वर टाकून वस्तू उचलतात. पैसे दोन दिवसांत आले नाहीत तर वस्तू दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीला, हेही लिहा. आमच्याकडे सगळ्यात चढी बोली लावलेले गृहस्थ असे गायब झाले की त्यांचा फोन अजून "व्यस्त" आहे.

आता मुख्य. त्या पिंगुळीच्या कलाकाराने चित्र "देऊ केलंय" म्हणता. फुकट घेऊ नका. कलेच्या नावाने पैसे जमवायचे आणि सगळ्यात आधी कलाकारालाच खिशात हात घालायला लावायचं, ही आपली जुनी खोड. सरोद ऐकून झालं की "मानधन म्हणून श्रीफळ" देणारे आपणच. त्यांना विचारा, हे चित्र प्रदर्शनात केवढ्याला देता? समजा ते चार हजार म्हणाले. तर सुरुवातीची बोली चार हजार, ते चार हजार त्यांचे, त्यावर चढेल ते वर्गाचं. नाही चढलं तर चित्र त्यांना परत. लोकांना हे उघड सांगा. बोली कमी होत नाही, उलट वाढते, कारण माणसाला कळतं की चार हजार ही वस्तूची किंमत आहे आणि पुढचं त्याचं मन. पाटाचंही तेच.

रंगपटातली संध्याकाळ सगळ्यात जास्त जाईल बघा. तिचं वर्णन नीट लिहा: कुठे, किती वाजता, किती जणांना, फोटो काढता येतील का, जेवण आहे का. "अविस्मरणीय अनुभव" वगैरे लिहू नका.

प्रत्येक वस्तूला निदान दोन गिऱ्हाईकं आधीच डोळ्यांसमोर हवीत. ज्या वस्तूसाठी दोन नावं आठवत नाहीत ती लिलावात नको, सरळ ठरलेल्या भावाने विका. ऑनलाइन आहे म्हणून अख्खं जग येत नाही हो. ज्यांनी तुमच्या हाताखाली वही रंगवली तेच येतात.

मुलांच्या चित्रांचं तुम्हाला का पटत नाही ते मी सांगते. गौरीच्या चित्राला पाचशे आणि शेजारच्या यशच्या चित्राला तीन हजार गेले, कारण यशचा मामा बँकेत आहे, तर पुढच्या रविवारी वर्गात काय होईल? मुलांची चित्रं विकायचीच तर सगळ्यांनी मिळून एक मोठं काढावं, खाली सगळ्यांच्या सह्या. आणि फोटोत मुलांचे चेहरे नकोत, पूर्ण नावंही नकोत.

फोटो काढताना चित्राशेजारी हात ठेवा, आकार कळतो. मागची बाजू आणि सहीही दाखवा. पाठवणीचा खर्च बोलीत की वेगळा, ते आधी सांगा.

जुनंपान

वरचं सगळं ठीक, पण त्या माळ्यावरच्या पानांना लिलावात आणू नका, फोटोसुद्धा टाकू नका. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष आणि कलानिधीचा कायदा लागतो, हस्तलिखिताला तर ७५ वर्षंच पुरतात. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. पणजोबांचा काळ म्हणजे धोक्याचीच रेघ. आधी पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला दाखवा.

दुसरं असं की चित्रकथीची पोथी सुटी पानं विकण्यासाठी नसते. दोन चित्रं पाठीला पाठ चिकटवून एक पान होतं, कथेकरी एक बाजू दाखवतो, गातो, पान उलटतो, पुढचा प्रसंग. मधलं एक पान दादरच्या दिवाणखान्यात गेलं की त्या कथेत भोक पडलं. शेजाऱ्यांना म्हणावं, क्रम न बदलता सुती कापडात गुंडाळून ठेवा, सेलोटेप लावू नका आणि प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, कोकणातली दमट हवा बाकीचं काम करते. पिंगुळीत गंगावणे कुटुंबाने गोठ्याचं संग्रहालय केलंय, त्यांना एकदा दाखवा. ती कुठली कथा आहे हे तरी कळेल.

मेपलची_पानं

मी टोरोंटोत, ओसीआयवाली, म्हणजे खातेवहींच्या हिशोबाने बोलीतून बाद! असो. इथे भारतीय पासपोर्टवरची बरीच मुलं नोकरीला आहेत, त्यांच्यापर्यंत मी पोहोचवते. रविवारी रात्री साडेनऊला संपवा. उन्हाळी वेळ चालू असेल तर तेव्हा आमच्याकडे दुपारचे बारा असतात, लंडनला संध्याकाळचे पाच.

पाट कुरियरने इथे मागवणं परवडत नाही. "वस्तू गावच्या पत्त्यावर पोहोचवू" असा पर्याय द्या. कणकवलीला आईच्या घरी पाट गेला तर पोरं दुप्पट बोली लावतील. आई फोनवर सांगते ना, कोण कोण बघून गेलं ते.

रंगपेटी

सगळ्यांचे आभार. वाचनालयाच्या चिटणीसांशी बोलले, पुढच्या सभेत ठराव येईल. पिंगुळीच्या कलाकारांना किंमत विचारली तर आधी "बाई, तुमच्याकडून काय घ्यायचं" झालं. मग मी शाळेतला आवाज काढला, तेव्हा साडेतीन हजार म्हणाले. नटालाही त्या संध्याकाळचं मानधन ठरलं. पोथी शेजाऱ्यांनी परत नेली, जरा नाराज होऊन, पण सेलोटेप मात्र लावणार नाहीत. मुलांचं एकच मोठं चित्र करायचं ठरलंय, विषयावरून भांडण चालू आहे: निम्म्यांना जत्रा हवी, निम्म्यांना क्रिकेट.

तारखेचं सांगा. गणपतीनंतर लगेच ठेवू का? तेव्हा चाकरमानी गावातच असतात.

चिंचेचं_झाड

गणपतीत जाहीर करा, वस्तू वाचनालयात मांडून ठेवा, लोकांना हात लावून बघू द्या, बोलीदारांचे क्रमांक तिथेच वाटा. बोली मात्र दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात, बोनस झाल्यावर. गणपतीहून परतलेल्या माणसाकडे फक्त परतीचं तिकीट उरलेलं असतं.

खातेवही

+१. आणि क्रमांक देताना पासपोर्ट भारतीय आहे का, हा रकाना फॉर्ममध्येच घाला.