प्रति: पॉडवालं एस्प्रेसो मशीन घ्यावं का?

'१९ बारचं मशीन म्हणजे थेट कॅफेची कॉफी' असं वर कुणीतरी लिहिलंय. बार म्हणजे दाबाचं माप; त्या आकड्याला भुलू नका. एस्प्रेसोला, म्हणजे दाबाने काढलेल्या छोट्या कडक कॉफीला, ९ बारच्या आसपास दाब पुरतो. खरी मेख पॉडात, म्हणजे एका कपापुरती कॉफी भरलेल्या बंद डबीत, किती कॉफी असते त्यात आहे. नेस्प्रेसो कंपनीच्या लहान पॉडात जेमतेम ५-६ ग्रॅम कॉफी असते. कॅफेवाला डबल शॉटला (दुप्पट एस्प्रेसोला) १६-१८ ग्रॅम घालतो. म्हणून ४० मिलीचा कप झकास लागतो, पण आमच्या ह्यांच्यासारखं त्यावर पेलाभर दूध ओतलंत की कॉफी रंगापुरतीच उरते.

आमच्याकडे इंदूरला दीड वर्षापासून अगदी स्वस्तातलं मशीन आहे. नर्मदेचं पाणी होतं तोवर ठीक चाललं. उन्हाळ्यात बोअरिंगचं पाणी भरायला लागलो, तर धार बारीक होत होत थेंबांवर आली. आत क्षार साचला होता! डीस्केलर (क्षार काढायचं औषध) आतून फिरवल्यावर सुटलं, आता टाकीत फिल्टरचंच पाणी घालते.

घेण्याआधी एवढं बघा की दुसऱ्या कंपन्यांचे पॉड त्यात बसतात का. नाहीतर जन्मभर एकाच दुकानाच्या दारात.

आणि हो, कचरा. आमची गाडी ओला-सुका वेगळा केल्याशिवाय घेत नाही, आणि वापरलेला पॉड म्हणजे दोन्ही! मी रविवारी आठवड्याचे सगळे कापत बसते: चोथा कुंडीतल्या मातीत, ॲल्युमिनियम धुऊन सुक्यात. सासूबाई म्हणतात, यापेक्षा फिल्टर कॉफी लवकर झाली असती.