विषय: चिखलदऱ्याला जाताय ना, मग दुपारचं जेवण घाटाखालीच करा

मंडळी नमस्कार,

दिवाळीनंतर माहेरी परतवाड्याला होते, तेव्हा एक दिवस सगळे मिळून चिखलदरा केलं. डिसेंबरात आपल्यातले बरेच जण गावाकडे जातायत म्हणून लगेच लिहितेय, नाहीतर राहूनच जातं.

आम्ही घटांगचा रस्ता न घेता धामणगाव गढीवरून मोथ्याकडे चढणारा घेतला. फार सुंदर दिवस असतात हे तिकडे. थंड देशांतल्यासारखी लाल-केशरी पानं नाही दिसत, साग हिरवाच असतो, त्याची पानगळ उन्हाळ्याच्या तोंडावर, पण गवत पिवळं पडलेलं, सोयाबीन निघून रान मोकळं झालेलं, कपाशी फुटलेली, तुरी फुलावर आलेल्या, आणि हवा इतकी स्वच्छ की सातपुड्याचे डोंगर एकामागे एक मोजता येतात.

वर हॉटेलं आहेत पण सुट्टीत तिथे गर्दी आणि सगळीकडे तेच पनीर, तेच चायनीज, म्हणून भावाने घाट लागायच्या आधीच एका घरासमोर गाडी घेतली. पत्र्यावर रंगाने नुसतं 'जेवण मिळेल' लिहिलंय. पुढे टिनाचं शेड, तीन-चार टेबलं, मागे चुलीवर सासू-सुना, आणि वाढायला कॉलेजात जाणारी मुलगी. मेन्यू कार्ड वगैरे काही नाही. घरमालक दादा म्हणाले, "पाटोडी हाये, भरीत टाकतो, भाकर हाये. पाऊण तास लागन, चालन का?" चालेल म्हटलं, आणि मी सरळ चुलीपाशी जाऊन बसले.

पाटोडी म्हणजे बेसनाच्या वड्या. उकळत्या पाण्यात लसूण-मिरचीचं वाटण, हळद, मग काकू एका हाताने बेसन सोडत होत्या अन् दुसऱ्या हाताने घोटत होत्या, एक गुठळी नाही. तेल लावलेल्या ताटात ओतलं, ओल्या हाताने थापलं, वरून खोबऱ्याचा कीस आणि सांबार (म्हणजे कोथिंबीर), गरम असतानाच सुरीने चौकोन पाडले. रस्सा वेगळा, त्यात कांदा आणि सुकं खोबरं निखाऱ्यावर भाजून, खसखस घालून पाट्यावर वाटलेलं. वड्या रश्श्यात आधी टाकत नाहीत, ताटात वाढतानाच टाकतात, नाहीतर मऊ पडून फुटतात. माझ्या आजीचंही अगदी असंच असायचं आणि शहरातल्या हॉटेलात नेमकं हेच चुकतं, वड्या तासन् तास रश्श्यात पडून असतात. भरीत तुराट्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्यांचं, त्यात पातीचा कांदा आणि शेंगदाणे. ज्वारीची भाकर तव्यावरून निखाऱ्यावर, तिथून थेट ताटात, आणि आजी "घ्या ना बाप्पा, अजून एक घ्या" म्हणून थांबतच नाहीत.

माझं एवढंच सांगणं आहे की अशा ठिकाणी जाऊन मेन्यू मागू नका, आज काय केलंय ते विचारा आणि थांबायची तयारी ठेवा. घाई असेल तर तिथे थांबूच नका, त्यांनाही त्रास अन् तुम्हालाही.

– परतवाड्याची लेक

---

ताई, वाचूनच भूक लागली! आम्ही जानेवारीत जातोय, मुलं सोबत आहेत, दोघांनाही तिखट अजिबात चालत नाही, तर तिथे त्यांच्यासाठी काही मिळेल का? आणि नागपूरहून सकाळी निघून रात्री परत, असं जमतं का? नवरा म्हणतो जमतं, मला नाही वाटत.

---

सूनबाई, नवऱ्याचं ऐकू नका! नागपूरहून सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे आणि शेवटचा सगळा घाट, पोरं कंटाळतील. रात्री अमरावती नाहीतर परतवाड्याला मुक्काम करा. आणि गाविलगड सोडू नका. १५ डिसेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने भोसल्यांकडून हा किल्ला घेतला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला, वऱ्हाडचा इतिहास बदलला तो इथे. किल्ल्यात बरंच चालावं लागतं म्हणून सकाळीच करा आणि मग खाली जेवायला या.

ताई, तिथे रोडगे मिळतात का हो? आमच्या अकोल्याकडे गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजलेले कणकेचे रोडगे, वर तूप आणि वांग्याची भाजी, या थंडीत त्याशिवाय करमतच नाही.

---

काका, रोडग्यांचं मी विचारलं होतं. करतात, पण आदल्या दिवशी सांगावं लागतं, कारण आर पडायला वेळ लागतो आणि दोघा-तिघांसाठी कोणी तेवढ्या गोवऱ्या जाळत नाही. आठ-दहा जण असाल तर नक्की सांगा.

वहिनी, मुलांची काळजी नको. पाटोडी रश्श्याशिवाय कोरडी मागा, सोबत वरण-भात अन् दही, माझ्या भाच्याने तेच पोटभर खाल्लं. गोड खायचं असेल तर वर मोथ्याला गवळ्यांकडे खवा आणि रबडी मिळते. चिखलदऱ्याला कॉफीची झाडं आहेत तीही मुलांना दाखवा, महाराष्ट्रात सहसा बघायला मिळत नाहीत! दोन दिवस असतील तर सेमाडोहकडे उतरा, सिपना नदी आणि मेळघाटचं जंगल, १९७३ ला प्रोजेक्ट टायगर सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या नऊ प्रकल्पांतलं हे एक.

पैसे रोख ठेवा, रेंज जाते तिकडे आणि मग स्कॅन करून काही होत नाही. आणि दादांचा नंबर मी इथे टाकत नाही, त्यांना विचारलेलं नाही. ज्यांना हवा असेल त्यांनी मला वेगळं लिहा, किती जण आणि कधी जाणार तेही लिहा, म्हणजे त्यांना विचारून कळवते.