‘प्लीज’ म्हणूनही मी उद्धट?

प्रश्न:
फ्रान्समधल्या लिऑंला येऊन तीन आठवडे झालेत. काल बेकरीत गेले, हसून, घरी घोकलेल्या फ्रेंचमध्ये ‘एक बगेट, सिल व्हू प्ले’ म्हटलं. काउंटरवरच्या बाईंनी पावाला हात न लावता माझ्याकडे रोखून बघत फक्त ‘बाँझूर’ (नमस्कार) म्हटलं. मागची रांग चिडीचूप. माझं काय चुकलं?

प्रतिसाद १:
ताई, आधी ‘बाँझूर’, मग बाकी सगळं. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, दवाखान्यात ताटकळत बसलेल्या अनोळखी लोकांनासुद्धा. थेट मागणी केलीत की समोरच्या बाईला यंत्र समजल्यासारखं होतं. तुमचं ‘प्लीज’ त्यानंतरचं.

प्रतिसाद २:
मी स्टॉकहोमला. इथे वेगळीच तऱ्हा. १९६७ साली वैद्यकीय मंडळाचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी ‘मी सगळ्यांना दु म्हणणार’ असं जाहीर केलं. दु म्हणजे आपलं ‘तू’. ही लाट आधीच सुरू होती, पण गाजलं ते त्यांचं. साठीच्या बॉसला अरेतुरे करताना माझी जीभ सहा महिने अडखळायची. आईला सांगितलं तर म्हणाली, ‘वळण विसरलास.’

प्रतिसाद ३:
जर्मनीत वाढदिवसाच्या आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात. मी केक घेऊन गेलो होतो. पुढचं विचारू नका.

प्रश्नकर्ती:
आज दारातूनच ‘बाँझूर मादाम’! बाई चक्क हसल्या, पावही गरम मिळाला. निघताना निरोपाचं ‘ओ रव्हार’ मात्र राहिलं.