दुःख बोलून दाखवल्याने मन खरोखर हलके होते का?

प्रश्न

आईला जाऊन आठ महिने झाले. घरात वडील, धाकटा भाऊ आणि मी असे तिघे आहोत. तिघेही आपापल्या कामाला लागलो आहोत, पण आईचा विषय घरात निघत नाही आणि कुणी चुकून काढलाच, तर दुसरा काहीतरी निमित्त करून उठून जातो. सुरुवातीला नातेवाईक भेटायला येत असत, तेव्हा मी बोलू लागले की ‘आता तूच खंबीर राहायला हवेस, वडिलांकडे कोण बघणार?’ असे म्हणून माझे बोलणे तिथेच थांबवले जाई. त्यांचा हेतू वाईट नव्हता, हे मला समजते.

कार्यालयातल्या एका बाईंशी माझी एरवी कामापुरतीच ओळख. मागच्या महिन्यात बोलता बोलता त्यांनी सांगितले की त्यांची बहीण दोन वर्षांपूर्वी गेली, आणि मग आम्ही अर्धा तास तशाच बोलत बसलो. आईच्या चष्म्याच्या काचेवर अजून तिच्या अंगठ्याचा ठसा आहे आणि ती काच पुसायला माझा हात धजत नाही, हे मी भावालाही कधी सांगितले नव्हते. ते त्यांना सांगितले. त्या रात्री कितीतरी दिवसांनी मला सलग झोप लागली. दुसऱ्या दिवशी मात्र आपण घरातली गोष्ट परक्या माणसापुढे उघडी केली, असे वाटून मन खात राहिले.

दुःख असे वाटून घेतल्याने खरोखर आधार मिळतो, की आपण पुन्हा पुन्हा खपली काढत असतो? आणि वडिलांशी कसे बोलावे? ते रोज सकाळी आईच्या मनगटी घड्याळाला चावी देतात, कानाशी धरून ऐकतात आणि परत कपाटात ठेवून देतात. त्याबद्दल एक शब्दही बोलत नाहीत.

प्रतिसाद १

ताई, माझी पत्नी चार वर्षांपूर्वी गेली. तुम्हाला जी झोप लागली, ती मी ओळखतो.

मित्राच्या आग्रहामुळे मी जोडीदार गमावलेल्या लोकांच्या एका गटात जाऊ लागलो. पहिल्या तीन बैठकांत मी स्वतःचे नाव सांगण्यापलीकडे काहीही बोललो नाही आणि कुणी बोलण्याचा आग्रहही केला नाही. चौथ्या वेळी एका गृहस्थांनी सांगितले की काही चांगले घडले की ते अजूनही पत्नीला कळवण्यासाठी फोन हातात घेतात, तिचे नाव शोधतात आणि मग भानावर येतात. माझेही अगदी तसेच होत होते आणि आपल्या डोक्यावर परिणाम झाला आहे की काय, या भीतीने मी ते कुणालाच सांगितले नव्हते. त्यांनी मला काही समजावले नाही, उपदेश केला नाही. पण मी घरी परतलो तो त्या भीतीतून सुटूनच.

ब्रिटनमधल्या कॉव्हेंट्री येथे एका रुग्णालयातील धर्मोपदेशकाच्या असेच लक्षात आले होते. मुले गमावलेल्या दोन कुटुंबांतले आईवडील एकमेकांना जो आधार देत होते, तो त्या धर्मोपदेशकाला स्वतःला देता येत नव्हता, आणि त्या अनुभवातून १९६९ मध्ये मुले गमावलेल्या पालकांची एक संस्था उभी राहिली. त्यामुळे तुम्ही परक्या माणसाला घरातले सांगितले असे मला वाटत नाही. बहीण गमावलेली ती बाई त्या अर्ध्या तासापुरती तरी तुम्हाला परकी नव्हती.

प्रतिसाद २

माझा अनुभव थोडा वेगळा आहे आणि तोही सांगायला हवा असे वाटते. माझा मुलगा गेल्यावर मी एका जुन्या मैत्रिणीपाशी मन मोकळे केले. तिने माझे बोलणे पुरते होण्याआधीच स्वतःच्या घरातले आजारपण सांगायला सुरुवात केली आणि पुढच्या आठवड्यात मी सांगितलेले जसेच्या तसे तिसऱ्याच व्यक्तीकडून माझ्या कानावर आले. त्यानंतर वर्षभर मी गप्प होते.

बोलावे, पण माणूस पारखून बोलावे. कुणाचे दुःख मोठे याचे माप काढणाऱ्यापाशी तर मुळीच बोलू नये. मला शेवटी आधार मिळाला तो माझ्या जावेचा, कारण ती माझ्या मुलाचे नाव घेते. बाकीचे सगळे मला त्रास होईल म्हणून ते नाव टाळतात, आणि नाव टाळले की तो दुसऱ्यांदा गेल्यासारखे वाटते.

प्रतिसाद ३

मी समुपदेशक म्हणून काम करते आणि वियोगाचे दुःख घेऊन आलेल्या व्यक्तींशी बोलणे हा त्या कामाचा मोठा भाग आहे. प्रश्नातल्या ‘खपली’ या शब्दापाशी मी थांबले.

दुःखाचे पाच टप्पे असतात आणि ते ओलांडले की माणूस पार होतो, हे बहुतेकांनी ऐकलेले असते. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञांनी १९६९ मध्ये मांडलेले ते टप्पे मुळात स्वतःच मृत्यूच्या दारात असलेल्या रुग्णांशी झालेल्या बोलण्यातून आले होते, मागे राहिलेल्यांच्या अनुभवातून नव्हे. मागे राहिलेल्यांचे दुःख असे पायऱ्या उतरत जात नाही. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये जे मांडले, ते मला रोजच्या कामात अधिक खरे वाटते: माणूस काही वेळ गमावलेल्या व्यक्तीच्या आठवणीत असतो आणि काही वेळ बदललेल्या आयुष्याची घडी बसवण्यात असतो, आणि या दोहोंमध्ये त्याचे येणे-जाणे चालू राहते. आज रडणे आणि उद्या मन लावून काम करणे, यांत विसंगती नाही. केवळ कामात बुडणे किंवा केवळ आठवणीत बुडणे, असे एकाच बाजूला अडकून पडणे मात्र जड जाते.

म्हणून बोलणे हे औषधासारखे ठरलेल्या मात्रेत सर्वांना लागू पडते, असे मी म्हणणार नाही. न बोलता सावरणारी माणसेही असतात आणि त्यांना बळेच बोलते करू नये. बोलण्याने दुःख संपते असेही नाही. गेलेल्या व्यक्तीशी असलेले नाते तोडल्याशिवाय सावरता येत नाही, असे एके काळी मानले जाई. आता ते नाते वेगळ्या रूपात चालू राहू शकते, असे मानणारे अभ्यासक बरेच आहेत. तुम्ही त्या अर्ध्या तासात आईला दूर केले नाही, तिला बोलण्यात जागा दिली. चष्म्याची काच पुसण्याची घाई करण्याचे काही कारण मला दिसत नाही.

आता तुमच्या वडिलांविषयी. ते दुःख बोलत नाहीत, पण रोज सकाळी करतात. घड्याळाला चावी देणे हीच त्यांची भाषा आहे, असे मला वाटते. ‘तुम्हाला कसे वाटते?’ या प्रश्नाला अशी माणसे ‘ठीक आहे’ एवढेच उत्तर देतात, कारण दुसरे काय सांगायचे ते त्यांना सुचत नाही. भावनेबद्दल विचारू नका, वस्तूबद्दल विचारा. ते बोलले नाहीत, तरी शेजारी बसून राहा.

एक गोष्ट गांभीर्याने सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकालीन शोकविकाराची नोंद आहे. सहा महिन्यांहून अधिक काळ तीव्र तळमळ कायम राहून रोजचे जगणेच ठप्प होत असेल, तर तो विकार असू शकतो. तुम्ही जे लिहिले आहे त्यात मला तसे दिसत नाही. पण तुम्हाला किंवा घरातल्या कुणालाही जगण्यात अर्थ उरला नाही असे वाटू लागले, तर महिने मोजत न बसता लगेच डॉक्टरांना भेटावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल मी ऋणी आहे. प्रतिसाद २ मधील ताईंनी नावाविषयी जे लिहिले, ते वाचून मी बराच वेळ बसून राहिले. आम्ही तिघांनी आठ महिन्यांत घरात आईला एकदाही हाक मारावी तसे नाव घेऊन आठवलेले नाही.

काल सकाळी वडील घड्याळाला चावी देत असताना मी शेजारी जाऊन बसले आणि हे घड्याळ आईकडे कधीपासून होते, एवढेच विचारले. ते इतका वेळ गप्प होते की मी विचारायलाच नको होते, असे मला वाटू लागले. मग त्यांनी सांगितले की तिने ते पहिल्या पगारातून स्वतःच घेतले होते. ते रोज चार मिनिटे मागे पडायचे, म्हणून ती झोपण्यापूर्वी काटे पुढे करून ठेवायची आणि दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही. मला यातले काहीच ठाऊक नव्हते. भाऊ दारात उभा राहून ऐकत होता आणि या वेळी तो निघून गेला नाही. वडिलांनी घड्याळ माझ्या हातात दिले. उद्या चावी तू दे, पण शेवटपर्यंत पिळू नकोस, असे ते म्हणाले.