फाट्यावरून घरापर्यंत सोडणाऱ्याला पैसे द्यावेत का?

बाभूळगावकर (धागाकर्ता)
दिवाळीला पुण्याहून गावी येणाऱ्यांचा शेवटचा टप्पाच सगळ्यांत अवघड असतो. रेल्वे धामणगावला उशिरा पोचते. यवतमाळकडे जाणारी एसटी कशीबशी मिळते, पण फाट्यावर उतरलं की पुढचा रस्ता आपला आपणच काढायचा. गावात येणारी मुक्कामी गाडी कधीचीच बंद झाली. यंदा रात्री फाट्यावर उभा होतो, तर पलीकडच्या गावचा एक माणूस थांबला. ओळख ना पाळख. स्वतःचं गाव मागे टाकून त्यानं मला बॅगांसकट दारापर्यंत आणलं. शंभराची नोट पुढे केली, तर "राहू द्या भाऊ, सनाचा दिवस हाये" म्हणाला आणि गेला.

तरीही माझं म्हणणं असं की पैसे द्यावेत आणि समोरच्यानं ते घ्यावेत. सोयाबीनचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये, तो बाजारात किती जणांच्या हाती पडला ते आपल्या गावात विचारा. पेट्रोल शंभरच्या वर आहे. पुण्यात पगार घेणाऱ्यानं शेतकऱ्याचं पेट्रोल फुकट जाळायचं आणि वर माणुसकीचं कौतुक करायचं, हे मला पटत नाही.

वणीचा प्रवासी
अजिबात सहमत नाही. शेगावहून पंढरपूरला पालखी पायी जाते, तेव्हा वाटेवरची गावं जेवू घालतात. तिथं ताटामागे कोणी नोट ठेवत नाही. नोट पुढे करून तुम्ही व्यवहार मिटवून मोकळे होता. त्या माणसाचं तुमच्यावर काही राहू द्या ना! पुढच्या वेळी तुमच्या चारचाकीत मागची सीट रिकामी असेल, तेव्हा फाट्यावर थांबा. तीच परतफेड.

धागाकर्ता
पालखीला जेवण घालणं ही श्रद्धा आहे, ते पुण्य घालणाऱ्यालाही हवं असतं. रात्रीच्या फाट्यावर कोणतं पुण्य? आणि माझ्याकडे चारचाकी नाही.

विमा प्रतिनिधी, वर्धा
एक कोरडी पण महत्त्वाची गोष्ट. पांढऱ्या पाटीच्या खाजगी गाडीचा विमा भाड्यानं प्रवासी नेण्यासाठी नसतो. पैसे घेऊन बसवलं आणि वाटेत अपघात झाला, तर कंपनी तेच कारण पुढे करून भरपाईला फाटे फोडू शकते. ज्यानं उपकार केला तोच अडकायचा. खुशीनं दिलेले पैसे आणि भाडं यांतला फरक तिथं सिद्ध करत बसावं लागेल. त्यामुळे पैशांचा आग्रह धरू नका.

आर्वीची शिक्षिका
तुम्हा सगळ्यांच्या चर्चेत गाडी थांबते आणि माणूस बसतो. मी बसत नाही. एकटी बाई रात्री अनोळखी मोटारसायकलवर बसणार नाही, समोरचा कितीही भला असो. 17 मार्च 2023 पासून आम्हाला एसटीत अर्धं तिकीट आहे, पण गाडीच येत नाही तिथं अर्धं कशाचं? मागच्या दिवाळीत फाट्यावरच्या चहा टपरीवाल्या मावशींनी भाऊ येईपर्यंत टपरी उघडी ठेवली, बल्ब चालू ठेवला, "बस बाई, मी हावो इथं" म्हणाल्या. त्यांना पैसे द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. भाऊबीजेला घरचा चिवडा आणि साडी घेऊन गेले. त्यांनी घेतली. पैसे घेतले नसते.

दारव्हाकर
मी धागाकर्त्याच्या बाजूनं आहे, पण कारण वेगळं. फाट्यावर पहिला प्रश्न येतो, "कोनाचे तुमी?" मी वस्तीचं नाव सांगितलं की काही गाड्या पुढे निघून जातात. माझ्या वडिलांनी हे सोसलं, मीही सोसलंय. काळीपिवळीवाला मात्र आडनाव विचारत नाही, सीटचे पैसे मागतो आणि नेतो. ज्याच्यासाठी कोणी थांबतच नाही, त्याला भाडं देऊन बसण्यातच मान वाटतो. पालखीचं उदाहरण देणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

वणीचा प्रवासी
हे मी बघितलेलं आहे, नाकारत नाही. पण त्यावर उपाय म्हणून सगळ्यांनीच भाडं लावावं, हे पटत नाही.

फाट्यावरचा कास्तकार
मले इथं लिहाची सवय नाही, पन राहवलं नाही. माहं वावर फाट्याले लागून हाये. दिवाईत कापूस वेचून अंधारात घरी निंगतो, तवा कोनी ना कोनी उभं दिसतेच. आजवर मी कोनाकडून पैसे घेतले नाही, पुढंही घेत नाही. पैसे घ्याची सवय लागली त ज्याच्या खिशात पैसे नाही त्याले मी पाहून न पाहिल्यासारखं करन. निराधारच्या पगारासाठी तालुक्याले गेलेली म्हातारी रातच्याले उतरते, तिले कोन नेन? दारव्हाकर भाऊ, तुमचं म्हननं खरं हाये. आमच्या गावातबी तसे लोक हायेत. पन त्याइच्यासाठी मी भाडं कायले लावू?

धागाकर्ता
काका, म्हातारीकडून घेऊ नका, माझ्याकडून घ्या. नोट नको तर पंपावर टाकीत पेट्रोल भरू द्या.

फाट्यावरचा कास्तकार
मंग टाकी भरनाऱ्यासाठी पहिले थांबन मी. तेच नको हाये मले.

दारव्हाकर
काका, तुम्ही त्या म्हातारीला न्याल, यावर माझा विश्वास आहे. तुमच्या मागून येणाऱ्यावर नाही. वीस वर्षं त्याच रस्त्यानं जातोय. भारमान कमी, म्हणजे प्रवासी पुरेसे नाहीत, म्हणून मुक्कामी गाडी बंद केली, पण दिवाळीच्या दिवसांत फाट्यावर किती माणसं उतरतात हे कोणी मोजलं नाही. मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला नावाची छोटी रेल्वे बंद पडली तेव्हाही आम्ही गप्प बसलो. 28 फेब्रुवारी 2024 ला वर्धा-कळंब रेल्वे सुरू झाली, ती आमच्या फाट्यापर्यंत येणार नाही. ग्रामसभेत ठराव घेऊन तो आगार व्यवस्थापकांना द्या, किमान सणाच्या दिवसांत तरी रात्रीची फेरी मागा. आमच्या वस्तीतल्या सह्या मी गोळा करतो. आर्वीच्या ताई, तुमच्या फाट्याचाही तसाच अर्ज करा.

आर्वीची शिक्षिका
करते. आणि टपरीवाल्या मावशींची सही सगळ्यांत वर घेते, तिथं रोज रात्री किती जण ताटकळतात ते त्यांच्याइतकं कोणाला माहीत नाही.