अनुभव धागा : आजारपणात एखाद्या वस्तूवर जीव जडला होता का?

सोनेगावकर

मंडळी, मला मल्टिपल मायलोमा आहे. रक्ताचा कॅन्सर, पण हाडंही पोखरतो. माझा कमरेचा एक मणका दबला तेव्हा कुठे निदान झालं; तोवर घरात बाम आणि शेकायच्या पिशवीवर भागत होतं. आता दर आठवड्याला बोर्टेझोमिबचं इंजेक्शन, घरी लेनालिडोमाइडच्या कॅप्सूल आणि सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. डेक्सा घेतलेल्यांना ती रात्र वेगळी सांगायला नको. सगळं घर गाढ झोपलेलं आणि आपण टक्क जागे.

या जागरणात मी एका धनुष्याच्या मागे लागलोय. अमेरिकेतल्या बेअर कंपनीचं, साठच्या दशकातलं, कोडिअॅक नावाचं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. ६० इंच लांब, ४५ पौंड ओढीचं, शिकारीसाठी बनवलेलं.

नागपूरच्या माणसाला हे खूळ कुठून लागलं? नागपूरमुळेच. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा येण्याआधी परदेशी पाहुण्यांना जंगलात शिकारीला नेणाऱ्या कंपन्या इथे होत्या. आमचे मोठे काका अशाच एका कंपनीत ड्रायव्हर होते. त्यांच्याकडे एक फोटो होता : जीपच्या बॉनेटला टेकून उभा एक गोरा, आणि हातात बंदूक नाही, धनुष्य. कॅम्पवरचे सगळे म्हणे त्याला हसले. संध्याकाळी त्याने लांबच्या एका वारुळात एकाशेजारी एक बाण रोवून दाखवले, मग हसणं थांबलं. काका गेले, फोटो कुणाकडे गेला माहीत नाही. धनुष्याचा तो बाक मात्र डोक्यात राहिला.

ते कोणतं मॉडेल होतं ते आज सांगता येणार नाही. कोडिअॅक मी स्वतः शोधून ठरवलं. मधे मेपल लाकडाच्या पट्ट्या, दोन्ही अंगांनी फायबरग्लास, आणि मुठीच्या वर लाकडात बसवलेलं धातूचं छोटं नाणं. १९५९ ते १९७२ मधल्या धनुष्यांवर हे नाणं लाकडाच्या सपाटीला असतं, पुढच्यांवर उठून दिसतं. पहाटे तीन वाजता विक्रीचे फोटो मोठे करकरून मी नाणीच पाहत बसतो.

आता गंमत बघा. ४५ पौंड म्हणजे २० किलोच्या वर ओढायचं. मला डॉक्टरांनी पाण्याची बादली उचलायला मनाई केली आहे.

शिकार करायची नाही, तीही शंका नको. मला ते फक्त हवंय. का हवंय, याचं उत्तर घरच्यांना देता येत नाही म्हणून इथे विचारतोय. तुमचं किंवा तुमच्या माणसाचं असं काही झालं असेल तर लिहा. उपचारांचे सल्ले नकोत. पपईच्या पानांचा रस पिऊन झाला आहे.

तर्रीपोहे

बाप्पा, ४५ पौंड! माह्या भाच्याला २२ चं ओढताना घाम फुटते अन् तुम्ही मणका दबलेला असताना ४५ पाहून राहिले. भिंतीवर टांगाले घेत असाल तर मग ६० चं घ्या ना भाऊ, खिळ्याले काय फरक पडते.

अंबाझरीची

सोनेगावकर दादा, मी कॉलेजात असताना धनुर्विद्या खेळायचे. राज्य पातळीच्या पुढे गेले नाही. मग लग्न, बँकेतली नोकरी आणि चाळिशीत डाव्या स्तनाचा कॅन्सर. शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठीही काढल्या. तेव्हापासून त्या हाताला सूज येण्याची भीती कायमची. त्या हाताचं बीपी घ्यायचं नाही, त्यात सुई टोचायची नाही.

मी उजव्या हाताची, म्हणजे धनुष्य धरायचं डाव्या हाताने. दोरी ओढणाऱ्या हाताचं लोकांना दिसतं. धरणारा हात किती सोसतो ते धरल्याशिवाय कळत नाही. सगळा जोर ताठ कोपरातून खांद्यात जातो, आणि माझा तोच खांदा कानाच्या वर जात नव्हता.

मला हवं होतं ते माझं कॉलेजातलं जुनं लाकडी रिकर्व्ह. ते माझं नव्हतंच खरं तर, क्लबचं होतं. मुठीवर आधीच्या कुणीतरी सायकलच्या हँडलची टेप गुंडाळलेली. केमोच्या खुर्चीत डोळे मिटले की मला त्या टेपचा चिकटपणा बोटांना जाणवायचा. तेव्हा माझी बोटं बधिर होती, कपाची उष्णता कळत नव्हती, पण टेप कळायची!

ते धनुष्य काही मिळालं नाही. क्लबच उरला नाही. फिजिओताईंनी आधी रबरी पट्टी ओढायला दिली, ती महिनोन् महिने ओढली. मग एका ओळखीच्या प्रशिक्षकांनी कंपाउंड हातात दिलं. त्याच्या टोकांना चाकं असतात. ओढताना मधे जोर लागतो, पण पूर्ण ओढल्यावर वजन एकदम उतरतं, अगदी पाव भागावर किंवा त्याहून खाली. आपला नागपूरचा ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेता झाला तो याच प्रकारात, अंतिम सामन्यात १५० पैकी १५०. माझे बाण पुठ्ठ्याला लागले तरी मी खूश.

पण खरं सांगते, कंपाउंड मला आवडत नाही. यंत्र वाटतं. मला अजूनही ती टेप आठवते. तुमचं नाण्याचं वेड वाचलं आणि वाटलं, चला, आपण एकटे नाही.

कोरडी_विहीर

आजाराबद्दल सहानुभूती आहेच, पण शिकारीच्या कंपन्यांच्या आठवणी इतक्या कौतुकाने लिहिणं पटलं नाही. त्या कंपन्यांनी आपली जंगलं रिकामी केली. आज उमरेड-कऱ्हांडल्याला वाघ दिसला की आपणच फोटो टाकतो.

सोनेगावकर

मान्य. काका स्वतः म्हातारपणी त्या दिवसांबद्दल फारसं चांगलं बोलत नसत. टेकाडावर ओळीने मांडलेली जनावरं पाहून जेवण जात नसे म्हणायचे. मी धनुष्याची आठवण लिहिली, शिकारीची वकिली करत नाही.

ताई, टेपचं वाचून अंगावर काटा आला. माझ्याही तळपायांना मुंग्या असतात आणि बोटांची टोकं आता अर्धवटच कळतात. लाकूड हातात आलं तर कळेल का, हा प्रश्न मला रोज पडतो, आणि घाई त्याचीच आहे.

भामरागड_रिटर्न

आमच्या बाबांचं लिहितो. ते भामरागड तालुक्यात मास्तर होते. बदली झाली तेव्हा गावातल्या एका माडिया आदिवासी म्हाताऱ्याने त्यांना स्वतःचं धनुष्य दिलं. पूर्ण बांबूचं. दोरीसुद्धा सुताची नाही, बांबूचीच चिरलेली कांब, दोन्ही टोकांना बांधलेली. मुठीची जागा हाताच्या तेलाने काळी झालेली. जुनं किती, कुणास ठाऊक. त्याच्या बापाचं होतं म्हणे.

निवृत्तीनंतर बाबांची किडनी गेली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार-चार तास. नागपुरात खोली करून राहिलो. धनुष्य गावच्या घरी राहिलं, आणि बाबांनी मशीनवर पडल्या पडल्या त्याचा ध्यास घेतला. आधी वाटलं, भ्रम आहे. युरिया वाढला की माणूस असंबद्ध बोलतो, ते आम्ही पाहिलं होतं. पण रिपोर्ट चांगले आले त्या दिवशीही तेच. "उधई लागली असेल. धुरावर टांग म्हणावं आईला."

शेवटी मी जाऊन आणलं. एसटीत कंडक्टरने विचारलं, हे काय? म्हटलं, वडिलांचं औषध.

आता अडचण अशी की बाबांच्या डाव्या हातात फिस्टुला. डायलिसिसच्या सुया घालायला शीर आणि धमनी जोडलेली असते, हात लावला की थरथर जाणवते. त्या हाताने वजन उचलायचं नाही, त्यावर मार लागू द्यायचा नाही. आणि धनुष्य सुटलं की दोरी नेमकी डाव्या हाताच्या पुढच्या भागावर फटका मारते, हे ज्यांनी एकदा खाल्लंय त्यांना माहीत. म्हणजे बाण मारणं कायमचं बंद. बाबांना हे आमच्याआधी ठाऊक होतं. त्यांनी बाण मागितलेच नव्हते.

ते काय करायचे? डायलिसिस नसेल त्या दिवशी उन्हात बसून चिंधीने पुसायचे. शेजारची पोरं जमली की माडिया भाषेत काहीतरी सांगायचे आणि पोरांना कळलं नाही की स्वतःच हसायचे. आम्हा भावंडांना वडिलांना माडिया इतकी येते हे तेव्हा समजलं.

बाबा गेल्यावर ते परत द्यायचं की ठेवायचं यावर घरात अजून एकमत नाही. मोठी बहीण म्हणते, त्या घरी परत जावं. मी टाळतोय.

सुईवाला

मी कर्करोग विभागात काम करतो. सोनेगावकर, उपचाराचा सल्ला देत नाही, पण एक व्यवहाराचं. हाडांत पोकळ्या असताना झटक्याने ओढणं आणि वाकून दोरी चढवणं, दोन्ही धोक्याचं. दोरी चढवतानाच जास्त, कारण तेव्हा कमरेतून पीळ पडतो. घेतलंत तर दोरी दुसऱ्या कुणाला चढवू द्या, आणि ओढण्याआधी स्वतःच्या डॉक्टरांना ताजा स्कॅन दाखवून विचारा. त्यांना हसू येईल ही भीती असेल तर सोडा. आमच्याकडे लोक याहून विचित्र गोष्टी विचारतात. एका आजोबांना ट्रान्सप्लांटच्या खोलीत बैलाच्या गळ्यातली घंटा आणायची होती. उकळत्या पाण्यात टाकून आणा म्हटलं.

वर्धा_रोडची_सून

सगळे रुग्णाच्या बाजूने लिहिताय, तर मी दुसरी बाजू लिहिते. माझ्या नवऱ्यालाही स्टेरॉइड चालू होतं. गोळी घ्यायच्या दिवशी रात्री ते राजा असायचे. दुर्बीण मागवली, फिरकीची गळ मागवली, जुना कॅमेरा मागवला. कुरियरवाला आला की मी दार उघडायचे आणि पैशांचं गणित माझ्या डोक्यात. विम्याची मर्यादा संपत आलेली, मुलीची फी तोंडावर. मग मी ठरवलं, गोळीच्या दिवशी कार्ड माझ्याकडे. चिडले. बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी गोळीचा जोर उतरला की स्वतःच म्हणायचे, बरं झालं.

पण जो कॅमेरा ते बिनगोळीच्या दिवशीही मागायचे तो मी परत पाठवला नाही. सोनेगावकर भाऊजी, तुम्हीही बिनगोळीच्या दिवशी दुपारी, जेवण झाल्यावर, शांतपणे बघा हवंसं वाटतं का. आणि किंमत वहिनींना आधी सांगा. पूर्ण किंमत, कस्टम धरून.

लाकूडतोड्या

भाऊ, मी जुनी रिकर्व्ह दुरुस्त करतो, हौस म्हणून. घ्यायचंच असेल तर फोटोत नाणं नंतर बघा, आधी हे बघा.

दोरी चढवलेल्या धनुष्याचा समोरून फोटो मागवा. दोरी वरपासून खालपर्यंत बरोबर मधून गेली पाहिजे. एका बाजूला सरकली तर पातं, म्हणजे मुठीच्या वरचा किंवा खालचा वाकणारा भाग, पिळलंय. लोक पायात अडकवून दोरी चढवतात त्याने हे होतं. फायबरग्लासवर आडव्या बारीक रेषा असतात, त्यांना घाबरू नका, बहुतेक वेळा त्या वरच्या रंगरोगणात असतात. उभी चीर किंवा थर सुटलेला दिसला तर मात्र सोडून द्या. टोकांची खाच चिरलेली नको.

नवीन जमान्याची न ताणणारी दोरी त्यावर लावायची नाही. त्या काळच्या टोकांना तो झटका सोसत नाही, चिरतात. साधी डेक्रॉनची, म्हणजे थोडी ताणणाऱ्या पॉलिस्टर धाग्याची, लावायची. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडायची नाही, पाहुण्यांनाही सांगून ठेवा. हातात घेतलं की प्रत्येक जण तेच करतो.

सगळ्यात मोठा शत्रू आपला मे महिना. थर चिकटवलेत गोंदाने. पंचेचाळीस डिग्रीत बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवलं तर गोंद सुटतो. माझ्याकडे आलेलं एक अप्रतिम धनुष्य असंच गेलं, मालकाने डिक्कीत ठेवून लग्न उरकलं. म्हणून पार्सल उन्हाळ्यात मागवू नका, गोदामात किती दिवस तापेल याचा नेम नाही. दिवाळीनंतर मागवा. ठेवताना दोरी उतरवून, दोन खुंट्यांवर आडवं.

आणि ४५ चा हट्ट का? त्याच कंपनीची हलकी धनुष्यंही निघायची. मात्र वजनाचा आकडा लिहिलेला असतो तो २८ इंच ओढल्यावरचा. तुम्ही कमी ओढलंत तर वजनही कमीच लागतं.

पाचपावली_लोकल

ज्यांना मागवणं परवडत नाही त्यांच्यासाठी : अजब बंगला. १८६३ पासूनचं संग्रहालय आपल्या शहरात आहे आणि आपण शाळेच्या सहलीनंतर फिरकत नाही. आईची केमो चालू असताना मधल्या वेळात मी तिथे शस्त्रांच्या दालनात जाऊन बसायचो. आईला काहीच नको होतं, मलाच हवं होतं काहीतरी. दवाखान्याचा वास नसलेली जागा, बहुतेक.

सोनेगावकर

सगळ्यांचे आभार. सून वहिनींचं ऐकलं. बिनगोळीच्या दुपारी, वरणभात खाऊन, बायकोला शेजारी बसवून यादी उघडली. हवंसं वाटलं. तिने किंमत विचारली, सांगितली, कस्टमसकट. ती म्हणाली, एवढ्यात फ्रिज येतो. मग बराच वेळ फोटो बघून म्हणाली, "हे नाणं सोन्याचं आहे का?" नाही म्हटल्यावर तिचा रस संपला, पण नाही म्हणाली नाही.

डॉक्टरांनाही विचारलं. ते हसले नाहीत. पुढच्या स्कॅनपर्यंत ओढायचं नाही, हातात धरायला हरकत नाही, आणि नंतर बोलू म्हणाले. ४५ चा हट्ट सोडला. त्याच काळातलं ३५ चं एक दिसतंय, नाणं पितळी, लांबी ६०. विकणाऱ्याकडून समोरून काढलेला फोटो आला आहे, दोरी मधून जाते. तो थंडीपर्यंत थांबायला तयार आहे. माझे पुढचे रिपोर्टही साधारण तेव्हाच आहेत.

भामरागड भाऊ, तुमच्या बहिणीचं म्हणणं मला बरोबर वाटतं, पण मीही टाळलं असतं.

लाकूडतोड्या

६० चं असेल तर दोरी धनुष्याहून साधारण चार इंच तोकडी लागेल, ती मी वळून ठेवतो. जुन्या दोरीवर भरवसा ठेवू नका, कितीही चांगली दिसली तरी. पार्सल आलं की फोन करा, सोनेगावला येऊन मीच चढवून देतो, तुम्ही वाकू नका. डेक्रॉन माझ्याकडे काळा आहे आणि तपकिरी आहे. कोणता हवा ते कळवा.