परक्या विषयाची प्रयोगशाळा

दोन महिन्यांच्या उन्हाळी इंटर्नशिपसाठी आलेल्या संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नुसते आलेख काढायला बसवतात, ही शंका अगदीच निराधार नाही; मात्र प्रयोगही करून पाहायचे आहेत, हे पहिल्याच आठवड्यात मार्गदर्शकांना स्पष्ट सांगणे विद्यार्थ्याच्या हाती असते. मायक्रोपिपेटचे, म्हणजे अगदी थोडा द्रव मोजून उचलण्याच्या उपकरणाचे, बटण दाबताना अंगठ्याला दोन टप्पे जाणवतात आणि द्रव ओढून घेताना नवशिका हमखास दुसऱ्या टप्प्यापर्यंत दाबतो, त्यामुळे ठरल्यापेक्षा जास्त द्रव वर येतो. ही चूक एकदा स्वतःच्या हातून घडली, की आकडेवारीतला एखादा विचित्र बिंदू खोडण्यापूर्वी तो आला कुठून, असा प्रश्न आपोआप पडू लागतो. माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा दोन महिने देण्यास हरकत नाही. वेंकटरमण रामकृष्णन यांनी १९७६ साली भौतिकशास्त्रात पीएचडी मिळवल्यानंतर जीवशास्त्राचे शिक्षण नव्याने सुरू केले आणि २००९ मध्ये रायबोसोमवरील (पेशीत प्रथिने तयार करणाऱ्या घटकावरील) संशोधनासाठी त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले. अर्थात, हे उदाहरण उन्हाळी इंटर्नशिपला लावणे जरा धाडसाचेच. रुजू होण्यापूर्वी त्या प्रयोगशाळेतील संशोधक गटाचे अलीकडचे एक-दोन शोधनिबंध वाचून, न कळलेल्या संज्ञांची यादी मात्र सोबत जरूर न्यावी.